आउंडलचे सँडरसन: उघडी प्रयोगशाळा, चालू भट्टी आणि एक मुख्याध्यापक

पाटीपेन्सिल

फ्रेडरिक विल्यम सँडरसन १५ जून १९२२ रोजी गेले. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर परगण्यात आउंडल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शाळेचे ते १८९२ पासून मरेपर्यंत, म्हणजे सलग ३० वर्षं मुख्याध्यापक होते. मुख्याध्यापकाची आठवण काढायची म्हटलं की 'बाहेरून फणस, आतून गरे' छापाचा मजकूर हमखास येतो. तसा धागा करायचा नाही. या माणसाने शाळेत नक्की काय बदललं, ते चालायचं कसं आणि कुठे अडलं, एवढंच जमवू या.

आधी थोडक्यात चरित्र. जन्म १३ मे १८५७, डरहॅम परगण्यातल्या ब्रान्सपेथ गावी. वडील तिथल्या जहागिरीच्या कचेरीत कामाला. शिक्षण गावच्या शाळेत, मग तिथल्याच रिवाजाप्रमाणे 'विद्यार्थी-शिक्षक', म्हणजे स्वतः शिकत शिकत खालच्या वर्गांना शिकवायचं. डरहॅम विद्यापीठात धर्मशास्त्र झालं, पण पाद्री झाले नाहीत. पुढे केंब्रिजला ख्राइस्ट्स कॉलेजात गणित. १८८२ च्या परीक्षेत अकरावे रँग्लर. (रँग्लर म्हटलं की आपल्याला परांजपेच आठवतात. तीच ही परीक्षा. परांजपे १८९९ साली तीत पहिले आले.) १८८५ ते १८९२ लंडनच्या डलिच कॉलेजात सहशिक्षक. तिथे त्यांनी भौतिक-रसायन शिकवलं आणि मुलांसाठी अभियांत्रिकीची वेगळी शाखा उभी केली. तिच्याच जोरावर आउंडलला नेमणूक झाली.

आले तेव्हा शाळेत मुलं जेमतेम शंभर, गेले तेव्हा पाचशेच्या वर. पण पट वाढवणारे मुख्याध्यापक पुष्कळ झाले. सँडरसन यांचं वेगळेपण शाळेच्या रचनेत आहे. लाकूडकाम, धातुकाम, लोहारकाम, ओतकाम, यंत्रांचे नकाशे (ड्रॉइंग) काढायची खोली, यंत्रांची प्रयोगशाळा, शेतीचे प्रयोगाचे तुकडे, हवामानाच्या नोंदी, वेधशाळा हे सगळं एका निवासी शाळेच्या आवारात होतं. आणि ते हौशी मुलांसाठी शाळा सुटल्यावर उघडायचं, असं नव्हतं. ते वेळापत्रकातच होतं.

यातल्या एकेका गोष्टीवर जाणकारांनी लिहावं.

---

चष्मिष्ट

धागा छान. आधी शब्दांचा घोळ निस्तरतो, नाहीतर पुढे गैरसमज होतील.

एक, गावाचा उच्चार 'आउंडल'. 'ऊंडल' किंवा 'ओंडल' नाही.

दोन, इंग्लंडात 'पब्लिक स्कूल' म्हणजे सरकारी शाळा नव्हे. फी घेणारी, स्वतःच्या नियामक मंडळावर चालणारी खाजगी शाळा. आज त्यांना 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वायत्त शाळा म्हणतात. 'पब्लिक' अशासाठी की एखाद्या गावापुरत्या किंवा पंथापुरत्या त्या नव्हत्या, फी भरेल त्याला प्रवेश. अशा शाळेच्या मुख्याध्यापकाला शिक्षक नेमणं, अभ्यासक्रम ठरवणं, इमारतीसाठी पैसा उभा करणं हे सगळं जवळपास एकहाती करता येतं. त्याला उत्तर द्यायचं ते मंडळाला. तेव्हा सरकारी निरीक्षकाची फारशी भीती नव्हती, पण पालकांनी मुलं काढली की तिजोरी रिकामी. सँडरसन यांचे प्रयोग या चौकटीतच शक्य झाले आणि त्यांच्या मर्यादाही तिथूनच आल्या.

तीन, या शाळांचे प्रमुख तेव्हा बहुधा पाद्री असत आणि लॅटिन-ग्रीकचे पंडित. सँडरसन पाद्री नव्हते, पंडित नव्हते, मैदानी खेळांत नाव काढलेले नव्हते आणि बोलण्यात उत्तरेकडचा हेल. पहिली काही वर्षं शाळेतली मोठी मुलं, जुने शिक्षक आणि माजी विद्यार्थी या तिघांनीही त्यांना मुळीच सरळ घेतलं नाही.

---

गणिताचा तास

पाटीपेन्सिल, कार्यशाळेच्या वेळापत्रकावर लिहितो, कारण खरी युक्ती तिथेच आहे.

आउंडलची पद्धत अशी रुळली की प्रत्येक मुलाने दर सत्रात एक पूर्ण आठवडा कार्यशाळेत काढायचा. त्या आठवड्यात दुसरे तास नाहीत. पहिल्या महायुद्धात शाळेच्या कार्यशाळांनी युद्धसाहित्याचे भाग बनवले, त्या काळात हे पक्कं झालं आणि पुढेही चालू राहिलं.

आठवड्याला दोन तासिका का नाहीत? हिशोब करून बघा. तासिका ४० मिनिटांची, दोन जोडून ८० मिनिटं. त्यातली १५ मिनिटं हत्यारं काढून जागेवर लागण्यात, १० मिनिटं आवरण्यात. उरली ५५. बारा आठवड्यांच्या सत्रात ११ तास काम. शिवाय मागच्या आठवड्यात काय केलं होतं ते आठवण्यात गेलेला वेळ यात धरलेला नाही.

पूर्ण आठवडा दिला तर दिवसाला ६ तास, साडेपाच दिवस, म्हणजे ३३ तास. मांडामांड आणि आवराआवर रोज पाऊण तास वजा केली तरी जवळपास २९ उरतात. म्हणजे अडीचपटीहून जास्त काम. तासिकांचे एकूण तास १६ होते, इथे ३३ लागले. दुप्पट वेळेत अडीचपटीहून जास्त काम, आणि तेही सलग.

आता मुलं कशी बसवायची? पाचशे मुलं, पंचवीस-पंचवीसचे २० वर्ग आणि सत्राचे १२ आठवडे धरा. आठ आठवडे दोन-दोन वर्ग, चार आठवडे एकेक वर्ग. २० वर्ग बसले. म्हणजे कार्यशाळेत एका वेळी ५० मुलांची सोय हवी. माझ्या अंदाजाने वाटणी अशी: सुतारकामाची १६ ठाणी, जोडणी-कानसकामाची १४, लेथ आणि इतर यंत्रांवर ८, भात्यापाशी ४, ओतकामात ४, नकाशाच्या फळ्यांवर ४. लेथवर ८ पेक्षा जास्त मुलं नकोत, कारण एका शिक्षकाच्या नजरेत एवढीच मावतात.

आणि कळीचा मुद्दा, वर्ग अख्खा पाठवायचा. अर्धा पाठवला की इतिहासाच्या मास्तरांना तोच धडा दोनदा घ्यावा लागतो, महिन्याभरात ते बंड करतात आणि योजना बुडते. अख्खा वर्ग गेला तर त्या आठवड्यात मास्तर मोकळे.

---

नदीकाठ

+१. वेळापत्रकाचा हा हिशोब मुख्याध्यापकांच्या कपाटाला चिकटवून ठेवावा असा आहे.

एक शंका. मुलं तिथे बनवत काय होती? आपल्याकडे कार्यानुभवात खडूचं स्टँड आणि काथ्याची बाहुली बनते, तसलंच का?

---

ओतारी

नदीकाठ, उत्तर नेमकं उलटं आहे. सँडरसन यांचा सरावाच्या तुकड्यांवर रागच होता. 'हा सांधा दहा वेळा कापून दाखव' असं नाही. खरी वस्तू हातात घ्यायची, एकट्याला न झेपणारी, म्हणजे सगळ्यांना मिळून करावी लागेल. सुरुवातीच्या मोठ्या कामांत उलट-सुलट दोन्ही दिशांना फिरणारं इंजिन होतं. ते मुलांनी नकाशापासून जोडणीपर्यंत केलं.

इंजिनच का, हे ओतकामाच्या बाजूने सांगतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक साधा भाग, समजा दांड्याचा आधार म्हणजे बेअरिंगचा ठोकळा, मुलाच्या हातून कसा जातो बघा.

पहिला नकाशा. मग त्यावरून लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उठवायचा नमुना. इथेच पहिली चूक होते: मुलगा नकाशातल्या मापाचाच पॅटर्न करतो. बीड थंड होताना आकसतं, फुटामागे साधारण १/८ इंच. पितळ जास्त, ३/१६ च्या आसपास. म्हणजे पॅटर्न त्या हिशोबाने मोठा हवा. त्यासाठी वेगळी पट्टीच मिळते, तिच्यावरचा 'फूट' मुळातच वाढवलेला असतो. शिवाय जिथे लेथवर तासायचं तिथे आणखी १/८ इंच मटेरिअल सोडायचं. उभ्या बाजूंना अंशभर-दोन अंश उतार द्यायचा, नाहीतर पॅटर्न वाळूतून उपसताना साच्याच्या कडा ढासळतात.

दुसरी पायरी वाळू. मूठभर घेऊन दाबायची, मूठ उघडली की गोळा राहिला पाहिजे आणि मोडला की कडा स्वच्छ तुटली पाहिजे. हाताला ओल लागली तर पाणी जास्त. जास्त पाणी म्हणजे धातू पडताच वाफ, वाफेला वाट नाही मिळाली की आत पोकळी, ब्लो होल. म्हणून साच्यात बारीक तारेने भोकं पाडायची. वाळू फार घट्ट ठोकली तरी तीच गत, कारण वाफ कोंडते. फार सैल ठोकली तर धातूच्या वजनाने साचा फुगतो. खालची पेटी, वरची पेटी, मध्ये कोरडी भुकटी, म्हणजे दोन भाग चिकटत नाहीत. जाड भागाच्या डोक्यावर रायझर, म्हणजे जादा धातूचा साठा, ठेवायचा, नाहीतर जाड भाग शेवटी थंड होतो आणि आकसताना खड्डा पडतो.

तिसरी पायरी भट्टी. बीड बाराशे अंशांच्या आसपास वितळतं, पण तेवढ्यावर ओतलं तर साचा भरण्याआधीच गोठतं. त्याच्या शे-दीडशे अंश वर न्यायचं. वरची मळी आधी काढायची आणि ओतताना धार तोडायची नाही. धार तुटली की दोन थरांमध्ये सांधा राहतो, बाहेरून दिसतही नाही, आणि इंजिन चालू झाल्यावर तिथेच तडकतं.

चौथी पायरी लेथ. ब्लो होल कुठे आहे हे नेमकं इथे उघड होतं, म्हणजे तीन दिवसांचं काम झाल्यावर.

आता गंमत बघा. पॅटर्न एकाने केला, साचा दुसऱ्याने, ओतलं तिसऱ्या-चौथ्याने, तासलं पाचव्याने. वस्तू बिघडली तर चूक कोणाची ते सगळ्यांना एकत्र बसून शोधावं लागतं. खडूच्या स्टँडमध्ये हे होत नाही. सँडरसन स्पर्धेऐवजी सहकार्य म्हणत ते भाषणात म्हणत असतीलही, पण भट्टीसमोर त्याला पर्याय नसतो.

आणि गणिताच्या तासांचं म्हणणं बरोबर: साचा, भट्टी, ओतणं, निववणं हे ८० मिनिटांत बसतच नाही.

---

शेवगा

ओतारीबुवा, दंडवत. ही प्रतिक्रिया वेगळी जपून ठेवतो.

---

नदीकाठ

आता पैशाचं सांगा कोणीतरी. भट्ट्या, लेथ, वेधशाळा. हे फुकट येत नाही.

---

चष्मिष्ट

शाळेचा मालक म्हणजे लंडनचा ग्रोसर्स संघ, मसाल्याच्या व्यापाऱ्यांची मध्ययुगापासूनची श्रीमंत संस्था. सर विल्यम लॅक्स्टन हे मूळचे आउंडलचे, संघाचे प्रमुख आणि लंडनचे लॉर्ड मेयर. १५५६ साली ते वारले आणि मृत्युपत्राने त्यांनी शाळेची सोय संघावर सोपवली. गावात त्याआधीही शाळा होती, म्हणून १५५६ हे 'स्थापनेचं' वर्ष जपून लिहावं.

१८७६ मध्ये संघाने शाळेचे दोन भाग केले. बाहेरगावच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी आउंडल, गावातल्या मुलांसाठी लॅक्स्टन. सँडरसन यांच्या कौतुकात हा भाग बहुतेक जण गाळतात. वसतिगृहाची फी शेतकऱ्याला किंवा दुकानदाराला परवडणारी नव्हती.

संघाखेरीज कारखानदार पालकांकडूनही मदत आली. सर्वांत ठळक म्हणजे सर आल्फ्रेड यॅरो, जहाजबांधणीतलं मोठं नाव. त्यांचा मुलगा एरिक आउंडलचा माजी विद्यार्थी, १९१५ साली युद्धात मारला गेला. त्याच्या स्मरणार्थ यॅरो यांनी शाळेला संग्रहालय बांधून दिलं. माणसाने आजवर काय काय शोधलं-रचलं ते मुलाला एका फेरीत दिसावं, अशी जागा सँडरसन यांना तिथे करायची होती.

अभियांत्रिकी शिकवणाऱ्या शाळेत कारखानदार मुलं घालतात, मग तेच देणग्या देतात, त्यातून आणखी कार्यशाळा. चक्र एकदा फिरलं की फिरतं. पहिला धक्का मात्र कोणीतरी द्यावा लागतो. तो संघाने दिला, कारण पट घसरला होता आणि त्यांना काहीतरी करणं भागच होतं.

---

तिरफळ

सगळे फार गोड बोलताहेत, म्हणून थोडं तिरफळ.

सँडरसन यांचं जे चित्र जगापुढे आहे ते बरंचसं विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी रंगवलेलं. वेल्स यांची दोन मुलं आउंडलला होती. जवळून ओळखलेल्यांत हाच सर्वांत मोठा माणूस, असं त्यांनी लिहून ठेवलंय. १५ जून १९२२ ला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैज्ञानिक कामगारांच्या संघापुढे सँडरसन यांचं व्याख्यान होतं, अध्यक्ष वेल्स. भाषण संपलं आणि सँडरसन तिथेच कोसळले. डोळ्यांदेखत मित्र गेलेला लेखक चरित्र कसं लिहिणार? शाळेकडून निघायच्या स्मृतिग्रंथाचं काम आधी वेल्स यांच्याकडे होतं, पण सँडरसन यांच्या पत्नीशी पटलं नाही. तो ग्रंथ १९२३ मध्ये त्यांच्याविना आला आणि वेल्स यांनी आपलं चरित्र १९२४ मध्ये स्वतंत्र छापलं. एका माणसाच्या दोन आठवणी, वर्षभराच्या अंतराने. दोन्ही शेजारी ठेवून वाचाव्यात.

वेल्स यांच्या बाजूने एक मान्य करतो, त्यांनी डाग झाकले नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत सँडरसन संतापी होते, छडी सढळ चालायची. भाषणात वाक्यं अर्धवट सुटायची, एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर उडी. छडी पुढे कमी होत गेली.

म्हणजे आज ज्यांना आपण सहकार्याचे उपासक म्हणतोय त्यांनी पहिली काही वर्षं शाळा धाकाने ताब्यात घेतली. हे धाग्यात यायला हवं.

---

पाटीपेन्सिल

तिरफळ, आलं ते बरं झालं. मी त्याला एवढंच जोडेन की छडी कमी झाली त्याचं कारण निव्वळ वय किंवा मवाळपणा नसावा. मुलं कामाला लागली की शिस्तीचे निम्मे प्रश्न उरत नाहीत. जो वर्ग आठवडाभर भट्टीपाशी असतो त्याला खिडकीच्या काचा फोडायला वेळ नसतो. हे माझं अनुमान, पुरावा म्हणून धरू नका.

कार्यशाळेबाहेरचं राहिलंय ते लिहिते, कारण हीच पद्धत त्यांनी इतिहास-साहित्यातही नेली.

इतिहासाच्या वर्गाचे गट पाडायचे, एकेका गटाला कालखंडाचा एकेक पैलू द्यायचा: व्यापार, लढाया, घरं आणि कपडे, कायदे. गटाने ग्रंथालयात जाऊन सामग्री गोळा करायची आणि वर्गापुढे मांडायची. मास्तरांचं काम व्याख्यान देणं नव्हे, कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे ते माहीत असणं. त्यासाठी ग्रंथालय प्रयोगशाळेसारखंच कामाची जागा मानायचं.

हे करून बघायचं असेल तर तीन ठिकाणी फसतं. गट पाचाच्या वर गेला की दोघं काम करतात आणि बाकीचे वही सजवतात. विषय 'मुघल काळ' एवढा ढोबळ दिला की मुलं एकाच पुस्तकातून उतरवतात. 'सुरतेहून कापड कुठे जायचं आणि काय येऊन पडायचं' असा प्रश्न द्यावा लागतो. आणि एका पुस्तकाची एकच प्रत असेल तर पहिल्या दिवशी जो गट पोचला तो सोडून सगळे अडतात.

शेक्सपिअरचं नाटकही वाचून समजवायचं नाही, करायचं. मोजक्या हुशार मुलांना भूमिका आणि बाकी प्रेक्षक असं नाही. एकेका भूमिकेला अनेक मुलं, म्हणजे वर्गातला प्रत्येक जण रंगमंचावर येतो. संगीतात तोच हिशोब, निवडक गायकवृंदापेक्षा सगळी शाळा गाते हे महत्त्वाचं. सूर थोडा हलला तरी चालेल.

वर्षातून एकदा पाहुण्यांसाठी मोठं प्रदर्शन. प्रयोग मांडणार, चालवणार आणि समजावणार मुलंच.

आणि कुलपं. प्रयोगशाळा आणि ग्रंथालय मुलांना केव्हाही जाता यावं म्हणून उघडं ठेवायचं, हा त्यांचा आग्रह होता. यावर खूप लिहिलं गेलंय, पण यात काय लागतं ते कोणी लिहीत नाही. उघड्या प्रयोगशाळेत आम्लं आणि विषारी रसायनं वेगळ्या कपाटात बंद हवीत, गॅसची मुख्य चावी हाताशी हवी, मोडलेल्या वस्तूची नोंद न भिता करता यावी यासाठी वही हवी आणि मोडतोडीसाठी दरवर्षी वेगळी रक्कम काढून ठेवायला हवी. ही रक्कम नसली की पहिलं महागडं उपकरण फुटल्या दिवशी कुलूप परत लागतं.

---

अर्धवट पुणेकर

जोसेफ नीडमचं नाव अजून कसं आलं नाही? चिनी विज्ञानाच्या इतिहासाचं महाकाय काम उभं करणारे नीडम आउंडलचेच, सँडरसन यांच्या हाताखालचे. जीवरसायनाचा माणूस पाणचक्क्या, भाते आणि बिडाचं ओतकाम यांवर शेकडो पानं लिहितो. शाळेत हात काळे झाल्याशिवाय हे सुचत नाही.

अवांतर: पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाशी (डॉ. कलबाग यांनी १९८३ मध्ये काढलेला) याची तुलना व्हावी. तिथेही मुलं गावाला लागणारी खरी कामं करत शिकतात.

---

चष्मिष्ट

नीडम यांच्याबद्दल सहमत.

पाबळची तुलना मात्र बेतानेच करा. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असा संबंध नाही. आणि पाबळला शाळा सोडलेली, गरीब घरची मुलं येतात, तर आउंडलला कारखानदारांची. 'खरं काम द्या' हे सूत्र सारखं, पण शिकून मुलगा कुठे जाणार ते अगदी वेगळं. एक वेल्डिंगचं दुकान टाकणार, दुसरा वडिलांच्या जहाजकारखान्यात संचालक होणार.

---

शेवगा

तुलनाच करायची तर शेजारचीच करा. आउंडलपासून जवळच, रटलंड परगण्यात अपिंगम नावाची शाळा आहे. तिथे एडवर्ड थ्रिंग १८५३ ते १८८७ मुख्याध्यापक होते. आले तेव्हा २५ मुलं, पुढे ३०० च्या वर. थ्रिंग पाद्री आणि लॅटिन-ग्रीकचे, तरी त्यांनीही सुतारकाम, संगीत, व्यायामशाळा शाळेत आणली. एका घरात, म्हणजे एका वसतिगृहात, ३० च्या आसपासच मुलं आणि प्रत्येक मुलाला स्वतःची छोटी अभ्यासाची खोली, हा त्यांचा हट्ट. मुख्याध्यापकांची परिषद १८६९ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झाली.

मुख्याध्यापकाची खरी परीक्षा कशी असते ते बघायला अपिंगमचा विषमज्वर बघावा. १८७५ च्या शरद ऋतूत साथ आली, मुलं दगावली. कारण गावची गटारं आणि पाणी. थ्रिंग दुरुस्ती मागत होते, स्थानिक आरोग्य मंडळ खर्चाला तयार नव्हतं. शाळा बंद झाली, मुलं परत आली, साथही परत आली. तिसऱ्यांदा पालकांनी मुलं पाठवली नसती आणि शाळाच संपली असती. थ्रिंग यांनी मार्च-एप्रिल १८७६ मध्ये अख्खी शाळा उचलून वेल्स देशाच्या किनाऱ्यावरच्या बोर्थ नावाच्या गावी नेली. समुद्रकाठचं एक मोठं हॉटेल आणि आसपासची भाड्याची घरं घेतली आणि साधारण वर्षभर तिथे शाळा भरवली. ३०० मुलं, पलंग, स्वयंपाक, शिक्षकांची कुटुंबं. इकडे अपिंगमच्या दुकानदारांचा धंदा बसला तेव्हा गटारांचं काम झटपट मार्गी लागलं. शाळा १८७७ मध्ये परत आली.

थ्रिंग यांनी काय शिकवलं ते मागे पडलं, बोर्थ अजून सांगितलं जातं.

---

तिरफळ

शेवगा, बोर्थ भारी. पण मूळ धाग्यावर परत येतो, एक कडू गोष्ट राहिलीय.

सँडरसन यांच्यानंतर केनेथ फिशर आले, रसायनवाले, १९४५ पर्यंत. कार्यशाळेचा आठवडा टिकला. रिचर्ड डॉकिन्स हे जीवशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात आउंडलचे विद्यार्थी. त्यांनी सँडरसन यांचं कौतुक मनापासून लिहिलंय. कुलूप न लावलेल्या प्रयोगशाळांचा मुद्दा बऱ्याच जणांना त्यांच्यामुळेच माहीत झाला. पण आपल्या काळातल्या कार्यशाळेबद्दल त्यांची तक्रार आहे. सत्रातला तो आठवडा होता, यंत्रं होती, पण मुलं सांगितलेल्या पायऱ्या जशाच्या तशा उतरवायची. स्वतः काही रचणं, चुकणं, दुरुस्त करणं उरलंच नव्हतं.

गणिताचा तास यांचा सगळा हिशोब त्या काळीही बरोबर जुळत होता. ३३ तास होते, अख्खा वर्ग जात होता.

---

गणिताचा तास

मान्य. माझ्या हिशोबात 'बनवायचं काय' ही ओळच नव्हती.

---

ओतारी

तिरफळ यांचा मुद्दा कारखान्यातही रोज दिसतो. एकच जॉब वर्षानुवर्षं दिला की तो पाठ होतो. मास्तरांना कुठे चुकणार ते आधीच ठाऊक असतं, म्हणून ते चुकूच देत नाहीत. पॅटर्न कपाटात तयार असतो, त्यामुळे आकसण्याचा हिशोब कोणी करत नाही. शेवटी मुलगा फक्त वाळू ठोकतो. युद्धात ती अडचण नव्हती, भाग बाहेर जायचा आणि मापात नसेल तर परत यायचा.

एखाद्या शाळेला आज सुरू करायचं असेल तर बीड नको, भट्टी परवडत नाही आणि धोकाही जास्त. ॲल्युमिनियम घ्या, ६६० अंशांना वितळतं, ७०० च्या थोडं वर गेलं की ओतायचं. ग्राफाइटची मूस (धातू वितळवायचं भांडं), दोन किलोची पुरे. जॉब शाळेतलाच शोधायचा: हातपंपाची मोडलेली मूठ, खिडकीचा बिजागरीचा ठोकळा, प्रयोगशाळेतल्या स्टँडचं बूड. दरवर्षी नवीन. पॅटर्न वर्षअखेर मोडून टाकायचे, कपाटात ठेवायचे नाहीत. पॅटर्न ठेवला की पुढच्या वर्षी नकाशा कोणी काढत नाही.

चामड्याचे हातमोजे आणि बूट, डोळ्यांवर पूर्ण चष्मा, सुती कपडे. नायलॉन अजिबात नको, वितळून कातडीला चिकटतं. ओतायची जागा कोरड्या वाळूच्या थरावर, फरशीवर नको. सिमेंटच्या फरशीत ओल असते, धातू सांडला की वाफ होऊन ढलपे उडतात. आणि भंगार मुशीत टाकण्याआधी भट्टीच्या कडेला तापवून वाळवून घ्या. ओल्या तुकड्याने वितळलेला धातू छतापर्यंत उडतो.

---

नदीकाठ

ओतारीबुवा, दोन किलोच्या मुशीला कोळशाची भट्टी चालेल की गॅसच लागेल?

---

ओतारी

कोळसा चालतो. जुना भाता किंवा हेअर ड्रायर जोडा, हवा खालून द्या. लाकडाचा कोळसा घ्या, दगडी नको, शाळेच्या आवारात धूर फार होतो. भट्टी उघड्यावर किंवा शेडखाली लावा, बंद खोलीत नाही.